धाकटीनं नेसलेली माझी पैठणी

धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो, हे आधीच सांगून टाकते. लपवून उपयोग नाही, घरात सगळ्यांना ते माहीत आहे. परंड्यात सासूबाईंजवळ राहिले मी. त्यांची औषधं, त्यांची पथ्यं, त्यांचा वेळेवरचा चहा, सगळं माझ्याकडं. ती पुण्यात. सणावाराला चार दिवस येते, आणि आली की सासूबाईंचा चेहरा असा खुलतो की मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच ठेवते.

तिच्या मुलाचं जावळ सोनारीला काळभैरवाच्या देवळात काढलं, तेव्हा ती जांभळी पैठणी नेसून आली होती. हिरवे काठ, माहेरून मिळालेली. आता सासूबाईंची एक सवय आहे. कुणाच्या अंगावर भारी साडी दिसली की बोलता बोलता तिचा पदर हातात घेतात, उलटा करतात आणि बोटांनी चाचपतात. हातमागाच्या पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा असतो, मशीनवरच्या साडीचे धागे मागं लोंबतात. गावातल्या बायका त्यांच्यापुढं पदर सावरूनच बसतात. धाकटीचा पदर त्यांनी उलटा केला, मोरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "असं पायजे."

दोन शब्द. इतक्या वर्षांत ते मला कधी मिळाले नव्हते. साडीला नाही, पुरणपोळीला नाही, त्यांच्या आजारपणात काढलेल्या जागरणांनाही नाही. मी नैवेद्याचं ताट धरून उभी होते आणि माझा नुसता जळफळाट होत होता.

म्हणून लेकीचा साखरपुडा ठरला तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती. सासूबाईंनी माझा पदर उलटा करावा आणि चारचौघांत ते दोन शब्द म्हणावेत. नवी पैठणी आवाक्याबाहेर होती. मग फोनवर वापरलेल्या साड्या विकणाऱ्या बायकांच्या एका ग्रुपात शिरले. तिथं एक हिरवी दिसली, जांभळ्या काठांची. खाली लिहिलं होतं, 'एकदाच नेसलेली, अगदी नव्यासारखी.' फोटो मोठा करकरून मी मोर मोजले. धाकटीच्या पदरापेक्षा दोन जास्त होते.

एसटी स्टँडसमोरच्या मोबाइलच्या दुकानात पार्सल आलं. घरी येऊन दार लोटलं आणि ते उघडलं. आधी डांबरगोळ्यांचा वास आला. मग साडी. रंग विटलेला, ब्लाउजपीस कापून घेतलेला, जर काळी पडलेली. उलगडायला गेले तर मधल्या घडीवर रेशीम विरून हातभर चीर पडली होती. विकणारीला मी मेसेजवर जे सुनावलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तिचं उत्तर आलं, 'जुनी साडी आहे ताई, जुन्यासारखीच असणार.' त्यानंतर तिनं मला ब्लॉक केलं. काळी जर म्हणजे खोटी जर, हे मी तिथल्या तिथं ठरवून टाकलं आणि रागानं घडी घालून ठेवली. पदर नीट पाहिलासुद्धा नाही.

पण दुसरी भारी साडी नव्हती. जांभळं पोलकं शिवून झालं होतं. फाटकी बाजू निऱ्यांत दडवायची असं ठरवलं.

साखरपुड्याच्या सकाळी खोलीत निऱ्या घालत होते तर धाकटी आत आली. आमच्याकडं निऱ्या खालून ओढून सारख्या करायला दुसरी बाई लागतेच, आणि न सांगता ती माझ्या पायांशी बसली. चीर तिच्या हातातच आली. माझे कान तापले. आता ही हसणार, पुण्याला जाऊन सांगणार, असं सगळं मनात आलं.

ती हळूच म्हणाली, "अक्का, तुमी माझी नेसा. मी बारीक हाय, मला निऱ्या जास्त येतेत. फाटलेलं आत जाईल."

तिच्या अंगावर तीच जांभळी होती. मला नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. पोलक्यांचे रंगसुद्धा जुळले, तिचं हिरवं माझ्या साडीवर आणि माझं जांभळं तिच्या. तिच्या मनाच्या मोठेपणाचाही मला हेवा वाटला, हा मोठेपणासुद्धा तिलाच मिळालेला.

मांडवात मी मुद्दाम सासूबाईंजवळ जाऊन उभी राहिले. पदर त्यांच्या हाताशी येईल असा सोडला. त्यांनी वर पाहिलं.

"धाकटीची नेसलीस व्हय? बरी दिसती," म्हणाल्या. पदराला हात लावला नाही. तो त्यांनी एकदा पाहिलेला होता.

तेवढ्यात धाकटी पाहुण्यांना पेढे देत आली. सासूबाईंनी तिचा हिरवा पदर धरला, उलटा केला, डोळ्यांजवळ नेला. काळ्या पडलेल्या जरीवर नख घासलं.

"ही खरी चांदीची जर. आता कुठं मिळती असली. असं पायजे."

"आत्या, ही अक्काची हाय," धाकटी लगेच सासूबाईंना म्हणाली.

"असंल. नेसली तर तू न्हवं?" म्हणत सासूबाईंनी तिच्याच हातून पेढा घेतला.

दुसऱ्या दिवशी धाकटीनं साडी घडी घालून परत केली आणि आपली जांभळी घेऊन पुण्याला गेली. ती गेल्यावर मी दार लोटलं आणि पहिल्यांदाच पदर उलटा करून पाहिला. दोन्ही बाजूंनी मोर सारखे, एक धागा सुटलेला नव्हता. इतके दिवस ही माझ्याच कपाटात होती. एका सकाळपुरती धाकटीच्या अंगावर गेली आणि साडीलाही ते दोन शब्द मिळाले. मला माझ्या साडीचा हेवा वाटला.