मामांच्या मनगटावरचं उत्तर

मामा गेल्याचा निरोप रामटेकहून आला तेव्हा मी प्रॅक्टिकल परीक्षेत स्टुलावर बसलो होतो आणि नाडी मोजायला एका मुलीची तीन बोटं माझ्या मनगटावर होती. शिपाई कानाशी येऊन म्हणाला, "सर, आपले ड्रमवाले मामा गेले." मी मान हलवली. हात तसाच ठेवला... याला आता तीन आठवडे झाले.

ते स्टूल मामांचंच. आमच्या मेडिकल कॉलेजातल्या फिजिऑलॉजीच्या प्रयोगशाळेत ते अटेंडंट होते. ठोके नोंदवणाऱ्या फिरत्या ड्रमचा कागद रॉकेलच्या धुरावर काळा करायचा, बेडूक मांडून द्यायचा, हे त्यांचं काम. मग पोरं व्हेगस नावाच्या नसेला विजेचा झटका द्यायची आणि त्याच्या हृदयाबरोबर कागदावर उड्या मारणारी पांढरी रेघ सपाट व्हायची. नवी मुलं पांढरीफटक पडायची. "ब्रेक आहे तो," मामा म्हणायचे, "सोडला का गाडी चालू." आणि खरंच, बेडकाचं हृदय पुन्हा चालू लागायचं. याच नसेचं माणसातलं काम दाखवायला मामा स्वतः स्टुलावर बसत. खोल श्वास घेतला की नाडी पळते, सोडला की मंदावते. निरोगी हृदय घड्याळासारखं एकसारखं चालतच नाही. कितीतरी वर्षं आमची पोरं हे मामांच्या मनगटावर शिकली. मोजायच्या आधीच उत्तर सगळ्यांना पाठ. मलाही.

सत्तरच्या दशकातल्या एका परीक्षेत कुंदा नावाच्या मुलीनं मामांची नाडी मोजून लिहिलं, 'श्वासाबरोबर नाडीत फरक नाही.' माझा स्वभाव मुळातच तिरसट. सगळ्यांसमोर म्हणालो, "बोटं आहेत की काड्या? पुन्हा मोज." तिनं पुन्हा मोजलं. डोळे भरले होते, पण उत्तर तेच. मी शून्य दिलं. बाकीच्यांनी पाठ केलेलं उत्तर लिहिलं, त्यांना पूर्ण गुण.

दुपारी मामा म्हणाले, "सर, उद्या मी नाही येत. सकाळी हर्निया कापून राहिले माझा." मी बरं म्हणालो आणि दोन पावलं गेल्यावर थबकलो. मामांना बारा वर्षांची साखर. साखर नसा खाते, हे वर्गात कोण शिकवत होतं? मीच. त्यांना तसंच ईसीजीच्या मशीनला लावलं. "श्वास घ्या... सोडा..." पट्टी सरकत बाहेर आली. डिव्हायडरची टोकं ठोक्यांवर ठेवून मी मधली अंतरं मोजू लागलो. तिसरं, चौथं, दहावं... सगळी सारखी. ब्रेकची नस गेलेली होती. पोरगी बरोबर होती.

"काय पाहून राहिले, सर? एकदम सरळ आहे नं?" मामांनी खुशीत विचारलं.

पट्टी घेऊन मी सर्जरीकडे सुटलो. भूल देणारे डॉक्टर हसले. "इतकी नियमित नाडी, आणि तुम्ही घाबरताय?" मी त्यांच्यावर ओरडलोच. टेबलावर रक्तदाब कोसळला तर हे हृदय सावरून घेणार नाही, म्हणालो. त्यांनी मामांना आडवं करून रक्तदाब घेतला, मग उभं करून घेतला. उभं करताच पारा असा घसरला, की ते हसायचे थांबले. उद्याचं ऑपरेशन रद्द झालं. पुढे महिन्याभरानं, तेवढाच भाग बधिर करून केलं. मी दाराबाहेर उभा होतो, घामानं भिजलेला. मामा बाहेर आले ते म्हणतच, "काहून उभे आहा, सर? वर्ग नाही का?"

कुंदाचे गुण मी दुरुस्त केले. मामांना ते पुरेसं वाटलं नाही. "तिले सर्वांसमोर बोलले होते तुम्ही. सर्वांसमोर सांगितलं का, पोरगी बरोबर होती म्हणून?" नव्हतं सांगितलं. जीभ वळली नाही. ती पास होऊन निघून गेली. मामांच्या निवृत्तीनंतरही रामटेकला त्यांच्याकडे गेलो की चहा यायच्या आधी त्यांचा तोच प्रश्न असायचा, आणि मी उगाच भाताच्या पिकाची चौकशी करायचो. लाज वाटायची, अजूनही वाटते.

तर त्या दिवशी शिपाई गेला आणि ती मुलगी गोंधळून माझ्याकडे पाहायला लागली. "सर, नाडी मधेच खूप पळाली. माझंच मोजणं चुकलं असेल. पुन्हा मोजू?"

सगळी प्रयोगशाळा ऐकत होती.

"नको," मी मोठ्यानं म्हणालो. "तुझं बरोबर आहे. लिही."