व्हयकायंत्र

चादरीच्या कारखान्यात दोन गोष्टी रोज झाडल्या तरी रोज साचतात. एक कापसाचं तूस, दुसरे किस्से. तूस नाकात जातं आणि किस्से डोक्यात, एवढाच फरक! सत्तरच्या दशकात मी सोलापुरात, भवानी पेठेतल्या अशाच एका छोट्या कारखान्यात कारकून होतो. तिथले माझ्या डोक्यात साचलेले बहुतेक किस्से एकाच इंग्रजी शब्दाचे आहेत. शब्द अगदी साधा, आपण सगळ्यांनी दप्तरातून खुळखुळत शाळेत नेलेला. कंपास!

आमचे मालक अप्पा मूळचे कर्नाटकच्या सीमेवरच्या मैंदर्गीचे. खूश असले की मराठीत बोलायचे, भडकले की कन्नडात. इंग्रजीचं काही निघालं की माझ्याकडे बोट दाखवायचे, कारण मी बी.ए.! नरसय्या आमचा डिझाइन मास्तर. घरी तेलुगू बोलायचा आणि ग्राफ पेपरवर मोर काढला तर तो मागावरून उडून जाईल अशी भीती वाटायची.

त्या वर्षी नक्षीच्या चादरीला उठाव नव्हता. एक दिवस अप्पांनी जाहीर केलं, "कलकत्त्याची ऑर्डर मिळाली तर नक्षी. न्हाय तर समद्या मागांवर साधे टॉवेल!"

साध्या टॉवेलला डिझाइन मास्तर कशाला लागतो? नरसय्याचं तोंड पिळलेल्या पंच्यासारखं झालं. मलाही फार वाईट वाटलं.

*

कलकत्त्याचे एजंट सेनबाबू आले. बोटीवरच्या खलाशांसाठी चादरी हव्या होत्या. "बीच में एक बडा कॉम्पास," ते म्हणाले आणि चहा पिऊन मद्रासकडे गेले.

कुठला कंपास, हे कुणीच विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? नरसय्याच्या पोराच्या दप्तरात होताच की! बाबू परतीच्या वाटेवर उतरले तोवर नमुना तयार. मधोमध पेन्सिल अडकवलेला कंपास आणि चारी कोपऱ्यांत कोनमापक!

अप्पा हरखले. "लई भारी! खलाशी झोपेत बी भूमिती करतील की!"

सेनबाबूंनी कपाळाला हात लावला. "अरे बाबा, ये तो काँटा-कॉम्पास! हमको दिग्दॉर्शोन जॉन्त्रो मांगता!"

एवढं बोलून ते स्टेशनकडे पळाले. गाडीची वेळ झाली होती.

*

आता दिग्दर्शन म्हटल्यावर मराठी माणसाला काय आठवणार?

मी मोठ्या ऐटीत समजावलं, "दिग्दर्शन म्हणजे सिनेमाचं. त्याचं यंत्र म्हणजे कॅमेरा!"

"खलाशाला सिनेमा कशाला?" नरसय्याने विचारलं.

"बोटीवर करमत नसेल!"

दुसरा नमुना मागावरून उतरला. तिकाटण्यावर उभा कॅमेरा, मागे टोपीवाला दिग्दर्शक, त्याच्या हातात भोंगा. कॅमेरा इतका हुबेहूब की कांड्यांवर सूत भरणाऱ्या बायका त्याच्यापुढून जाताना पदर सारखा करायच्या! आम्ही तो पार्सलने कलकत्त्याला धाडला.

*

उत्तरादाखल तार आली. "नॉट सिनेमा. शिप कंपास."

माझं इंग्रजी पडलं व्यापारी पत्रांतलं. त्यात 'शिप' म्हणजे माल रवाना करणे. मी अप्पांना तसं सांगितलं.

"मंग बघतोस काय? कर रवाना!"

कोपऱ्यावरच्या स्टेशनरीतून नवा कोरा कंपास आणला, पेन्सिलही आणली, टोक करून दिली, आणि रजिस्टर पोस्टाने पाठवला. सेनबाबूंनी तो परत केला नाही. त्यांच्या नातवाला तो चालला, असं पुढे कळलं.

*

शेवटी मी वाचनालयात जाऊन जाडजूड डिक्शनरी काढली. कंपास म्हणजे घेर, परीघ, आवाका, गाणाऱ्याच्या आवाजाची पट्टी, वेढा घालणे आणि चक्क कट रचणे! चादरीवर कट कसा विणायचा, या विचाराने मला घाम फुटला. आणि मग तो शब्द सापडला. मी धावत कारखान्यात आलो.

"अप्पा, होकायंत्र!"

"व्हय का? कंचं यंत्र?"

"होकायंत्र!"

"आरं व्हयच म्हनतोय मी. पर यंत्र कंचं?"

"अप्पा, त्याचं नावच हो-का-यंत्र!"

अप्पांनी जरा विचार केला. "मंग सरळ व्हयकायंत्र म्हन की! उगं पुण्याची भाषा कशाला?"

त्या दिवसापासून कारखान्यात कुणीही "व्हय का?" म्हटलं की बाकीचे एका सुरात ओरडायचे, "यंत्र!"

*

पण नाव कळून उपयोग काय? होकायंत्र आमच्यापैकी कुणी पाहिलं नव्हतं. सोलापुरात समुद्र कुठे! म्हणून कलकत्त्याला ट्रंककॉल लावला. अर्ध्या दिवसाने तो लागला.

"बाबू, होका! होका यंत्र ना?" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो.

"हुँको? ना ना! बोट पर हुँको मना है! कॅप्टन गुस्सा कोरेगा!"

बंगालीत हुक्क्याला हुँको म्हणतात, हे मला कुठून ठाऊक असणार? लाइन कट झाली. फोनमधलं 'हुँको' ऐकून नरसय्याने तोवर हुक्क्याची नळी काढायला घेतली होती. मी त्याच्या हातातून पेन्सिल ओढून घेतली.

अप्पांनी फोन माझ्या हातातून काढून खाली आपटला. मग बोलले ते कन्नडात, आणि बराच वेळ! त्याच संध्याकाळी टॉवेलचं सूत मागवलं गेलं.

*

पुढच्या फेरीला सेनबाबू शहाणे होऊन आले. त्यांनी खिशातून खरंखुरं होकायंत्र काढून नरसय्याच्या तळहातावर ठेवलं. नरसय्या ते घेऊन कारखानाभर गोल गोल फिरला.

"कुटं बी वळा, सुई उत्तरेलाच! अप्पांवानी हट्टी हाय की!"

आता अप्पांनी बजावलं, "ह्यो शेवटचा नमुना. न्हाय जमला तर टॉवेल." सेनबाबू त्यासाठी लॉजवर थांबले. नरसय्या जेवणसुद्धा मागाजवळच करायचा.

चादर उतरली आणि आम्ही सगळे तिच्याभोवती गोळा झालो. मधे गोल तबकडी, उत्तरेला रोखलेली सुई, आणि पूर्वेला उगवता सूर्य! सेनबाबूंच्या तोंडून "बाह्!" निघालं. नरसय्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

आणि मग बाबूंनी चादर उलटी केली.

आमच्या चादरीची नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते. सोलापूरचा तो अभिमान! पण उलट्या बाजूला पूर्व गेली पश्चिमेला, आणि सूर्यही तिच्याबरोबर गेला.

"ये क्या? इधर तो सूरज पश्चिम में उगता है! खलाशी हँसेगा!"

अप्पा टॉवेलच्या सुताच्या गठ्ठ्याकडे बघायला लागले. नरसय्याने खांद्यावरच्या फडक्याने डोळे पुसले, चादर एकदा सुलटी केली, एकदा उलटी केली, आणि अगदी गंभीरपणे म्हणाला,

"बाबू, ये बाजू जाते टाइम ओढने की. वो बाजू वापस आते टाइम!"

सेनबाबूंनी चादर स्वतः एकदा उलटून पाहिली. मग जे हसत सुटले ते गठ्ठ्यावरच बसले. "ऑर्डर पॉक्का!" चष्मा पुसत ते म्हणाले.

अप्पांचा विश्वासच बसेना. ते माझ्याकडे वळले.

"व्हय का?"

मी तोंड उघडायच्या आत मागाजवळून नरसय्या ओरडला, "यंत्र!"