ओल्या पावलांचा पिक्चर

लासुर्ण्याच्या दूध डेअरीवर सकाळी दूध घालून झालं तरी माणसं घरी जायची नाहीत. सावळाराम आदल्या दिवशी पाहिलेला भुताचा पिक्चर सांगत असायचा. हा ट्रॅक्टर चालवणारा गडी. निमगाव केतकीला तंबूचं थेटर लागलं किंवा बारामतीत नवा पिक्चर आला, की संध्याकाळच्या खेळाला हजर. तोही फक्त भुताच्या. हाणामारीचे, देवाधर्माचे त्याला नकोत.

त्याची मतंही पक्की होती. "तोंडाला लाल रंग फासून वरडतंय ते भूत न्हवं, सोंग हाय," तो म्हणायचा. "भूत दिसायच्या आधी भ्या वाटलं पायजे. रिकाम्या खोलीत नुसती खुर्ची हालली, बास."

त्याच्या खास आवडीचे दोन. एकात तार तुटलेला टेलिफोन वाजायचा. दुसऱ्यात विहिरीत बुडून मेलेली सून होती. ती शेवटपर्यंत दिसायची नाही. रोज सकाळी ओट्यावर ओली पावलं उमटायची, आणि रोज दाराच्या थोडी आणखी जवळ. हा त्यानं इतक्यांदा सांगितला होता, की गावातल्या बायकापोरांना तो न बघताच पाठ झाला होता. घरीही सांगायचा. त्याची बायको साखरबाई चुलीपुढून म्हणायची, "पुरं करा, पोरगी भेतीय!" आणि भाकरी थापायची थांबवून स्वतःच ऐकत बसायची.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, साखरबाई उसाला पाणी द्यायला गेली. मोटारीच्या पेटीत करंट उतरला होता. सावळाराम ट्रॅक्टर तसाच टाकून धावत आला, तेव्हा ती मोटारीच्या खोलीच्या दारात आडवी पडलेली होती. सगळं संपलं होतं.

दिवस होऊन गेले आणि कुजबुज सुरू झाली. शेजारच्या बनाबाईला मोटारीच्या खोलीपुढं सकाळी ओली पावलं दिसली. मग आणखी कुणाला दिसली. खुरपणीच्या बायका त्या शेतात यायच्या बंद झाल्या. ती पावलं कुठून आली, हे सावळारामला सांगायची गरज नव्हती. त्याच्या तोंडून गावभर गेलेली पावलं आता त्याच्याच बायकोची झाली होती.

भावकीतले मोहनराव तात्या घरी आले. म्हणाले, "लेकराला सोडून गेली, जीव अडकला आसंल तिचा. देवऋषी आणू. बाभळीला खिळा मारून बंदोबस्त करंल."

"खिळा?" सावळाराम उठून उभा राहिला. "तात्या, माझी बायकू हाय ती. जल्मभर हितं राबली, आन आता तिला झाडाला ठोकू?"

तात्या उठून गेले.

पण मनिषाचं काय करायचं? त्याची लेक, चौथीत होती. शेताचं नाव काढलं की अंग चोरून बसायची. एकदा तो तिची वेणी घालत होता. ती हळूच म्हणाली, "दादा, आई आपल्याला धरंल का?"

सावळारामच्या हातातला कंगवा थांबला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिला शेतात घेऊन गेला. पेटी नवी बसवली होती. दोघं मोटारीच्या खोलीपुढं बसले.

"आई आली तर?"

"आली तर पयलं इचारंल, जेवलीस का. मग माझ्यावर वरडंल, पोरीची वेणी आशी वाकडी का घातली म्हणून. तिला भ्याचं?"

मनिषा जराशी हसली. पाटात पाणी वाहत होतं. ऊन कलायला लागलं तरी मनिषा बांधाकडं बघत होती. आणि एकदम हुंदके देऊन रडायला लागली. ती भ्याली असं वाटून सावळारामनं तिला जवळ ओढलं.

"न्हाय दादा," ती म्हणाली, "आईच आली न्हाय."

साखरबाई गेल्यापासून तो पहिल्यांदाच रडला, तिथं, पोरीला धरून.

गावाची बडबड थांबली नाही. मजूर आले नाहीत, तेव्हा बापलेकीनंच जमेल तसं खुरपलं. पुढच्या वर्षी निमगावात तंबू लागला. जोतीराम हा त्याचा जुना सोबती, त्यानं ओढूनच नेलं. पिक्चरात शेवटी मांत्रिकानं भूतबाईला जाळलं आणि तंबूभर शिट्ट्या वाजल्या. सावळाराम उठून बाहेर आला.

जोतीराम मागोमाग आला. "काय झालं? चांगला हाय की."

"चांगला कसला? ती बाई कुणाची कोण हुती, आठवलं का कुणाला तितं?" सावळाराम म्हणाला. "मेलेल्या माणसासाठी कुणीतरी रडलं पायजे रं. न्हायतर नुसतं भिऊन काय करायचं?"

दोघं लासुर्ण्याच्या गाडीत बसले.

त्यानंतर डेअरीवर माणसं पिक्चर सांग म्हणून त्याला थांबवायला बघायची. तो किटली रिकामी करून लगेच निघायचा. मनिषाच्या शाळेची वेळ झालेली असायची, आणि घरी चूल पेटवायला दुसरं कुणी नव्हतं.