विहाराच्या ओट्यावरचा माणूस

सेवाग्रामच्या दवाखान्यात एकतीस वर्षं आयाचं काम करून सुलोचनामावशी निवृत्त झाल्या. नवरा आधीच गेलेला, मुलगा अनुप पुण्यात. घरासमोरच्या बुद्धविहाराची किल्ली त्यांच्याकडे असायची. सकाळी विहार झाडून मेणबत्ती लावली, की दिवसभर बोलायला कुणी नसे.

एका सकाळी ओट्यावर एक म्हातारा बसलेला दिसला. पायात दोन वेगळ्या चपला, हातात दवाखान्याचं चुरगळलेलं कार्ड.

"कोण गावचे जी तुम्ही?"

"कांता भरती आहे. तिले सुट्टी भेटली का जातो."

मावशींनी कार्डावरून दवाखान्यात चौकशी केली. कांता ही त्याची बायको. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. गावी त्याचं कुणी उरलं नव्हतं.

मावशी त्याला दोन वेळा वरण-भाकर नेऊन देऊ लागल्या. तो जेवायचा तेव्हा त्या शेजारी बसून बोलायच्या, अनुपबद्दल, दुखऱ्या गुडघ्याबद्दल. तो "हो जी" म्हणायचा. मावशींना तेवढं पुरत होतं.

दोन महिन्यांनी एका दुपारी शेजारची मयुरी गच्चीवर कपडे वाळत घालत होती. म्हातारा तिच्या घरात शिरला आणि झोपलेल्या चार वर्षांच्या पोरीला उचलून थेट रस्त्यावर गेला. ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक मारला म्हणून दोघं वाचले. "कांता पोरीले बलावून राह्यली," एवढंच तो म्हणत होता.

संध्याकाळी सगळे विहारात जमले. कुणी म्हणालं, पोलिसांत द्या.

"त्याच्या मनात पाप नव्हतं, बाई," मावशी म्हणाल्या.

"नसन, मावशी," मयुरी म्हणाली. "पण ट्रक थांबला नसता तं?"

"मी त्याले माह्या घरी ठेवतो," मावशी शेवटी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फाटकाला कुलूप लावलं. म्हातारा सकाळपासून गज हलवत राहिला. "जाऊ द्या ना जी, कांता वाट पाहून राह्यली." दुपारपर्यंत त्याचे तळहात सोलून निघाले. मावशींनी कुलूप काढलं, त्याचे हात धुतले, हळद लावली आणि त्याला सोडून न जाता संध्याकाळपर्यंत त्याच्यामागे रस्त्यानं चालत राहिल्या. हे रोज जमणार नाही, हे त्यांच्या गुडघ्यांनीच सांगितलं.

वर्ध्याच्या एका निवाऱ्यात जागा मिळाली. मयुरीचा नवरा राकेश स्वतः ऑटो घेऊन आला. मयुरीनं नवी चादर दिली. तिथल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही याच्या कोण?"

"शेजारी लिहा," मावशी म्हणाल्या.

दर रविवारी त्या भेटायला जात. त्याची दाढी केलेली असे, अंगावर स्वच्छ सदरा. फिरायला नेताना सोबत माणूस असे. तिसऱ्या रविवारी त्यानं मावशींना विचारलं, "तुमचं कोण भरती आहे इथं?"

"तुमालेच भेटाले आली जी."

तो हसला आणि बाकावर सरकून त्यानं जागा करून दिली. त्या तासभर बसल्या.

वस्तीत सगळे म्हणत, मावशींनी चांगलं केलं. मयुरीची पोर पुन्हा अंगणात खेळू लागली. तिला पाहून मावशींनाही वाटे, केलं ते बरोबरच होतं.

त्या रविवारी संध्याकाळी अनुपचा फोन आला.

"जेवली का, आई?"

"जेवली," मावशी म्हणाल्या. गॅस त्यांनी पेटवलाच नव्हता.