ह्यांना उचलण्यापुरता जोर

आमचे हे पीटीचे सर होते. प्रतापनगरहून सावनेरला जायचं, तिथल्या शाळेतली पोरं पळवायची, वाकवायची, रांगेत उभी करायची आणि संध्याकाळी बुटांवर मैदानाची धूळ घेऊन घरी यायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. माझं आयुष्य शिलाई मशीनवर गेलं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांचे ब्लाउज मी शिवलेले. ह्यांनी मला कधी व्यायाम कर म्हटलं नाही, आणि मीही कधी त्यांच्या मैदानाकडे फिरकले नाही.

निवृत्त झाल्यावर एका सकाळी त्यांच्या हातातून चहाचा कप पडला आणि तो पडल्याचं त्यांना कळलंच नाही. अर्धांगवायू. दवाखान्यातून घरी आले तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय लाकडासारखा झाला होता, आणि बोलणं जवळजवळ गेलंच होतं. समोर पाण्याचा पेला दिसत असला तरी तोंडातून 'पाणी' निघायचं नाही. मुलगी पुण्याहून आली. तिने भाड्याचा लोखंडी पलंग आणला, चाकाची खुर्ची आणली, आंघोळ घालायला एक माणूस ठेवून दिला. नंतर तिची सुट्टी संपली. जाताना ती जिन्यात खूप रडली. मी म्हटलं, "जा तू, मी आहे ना."

एके दिवशी तो आंघोळीचा माणूस आलाच नाही. मी वाट पाहिली आणि ठरवलं, एवढं काय, आपणच नेऊ. खुर्चीवरून बाथरूमपर्यंत नेलं, उभं केलं, आणि ओल्या फरशीवर त्यांचा डावा पाय घसरला. ते हळूहळू माझ्या अंगावरून खाली गेले. लागलं नाही, पण उठवता येईना. उंच, रुंद छातीचा माणूस. मी काखेत हात घालून ओढायची, ते जरासे सरकायचे आणि पुन्हा खाली. माझी साडी भिजली, दम लागला, हाताला गोळे आले. शेवटी मी जिन्यात जाऊन खालच्या घरच्यांना हाक मारली.

खालचे भाऊ आणि त्यांची दोन मोठी मुलं धावत आली. मी ह्यांच्या अंगावर टॉवेल टाकला होता, तोही ओला. "सर, काही टेन्शन घेऊ नका, आम्ही आहोत ना," असं म्हणत त्या तिघांनी त्यांना उचलून पलंगावर ठेवलं. चांगली माणसं ती. पण ती जाईपर्यंत ह्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही, आणि गेल्यावरही वळवलं नाही.

त्या दिवसापासून ते पाणी प्यायला तयार होईनात. पेला पुढे केला की ओठ मिटायचे. मला वाटलं, गिळताना त्रास होत असेल. लघवी गडद पिवळी झाली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पाणी प्यायलं की उठावं लागणार, उठायचं तर मला झेपणार नाही, मग पुन्हा खालून लोक येणार. त्यापेक्षा तहानलेलं राहिलेलं बरं.

घरी येऊन व्यायाम करून घेणारी एक मुलगी होती, फिजिओथेरपिस्ट. स्कूटीवर यायची, माझ्या मुलीपेक्षाही लहान. तिला मी हे सांगितलं. तिने मला उचलायची रीत दाखवली. "काकू, कमरेतून नाही वाकायचं, गुडघ्यातून. त्यांना लांब नाही धरायचं, एकदम छातीशी घ्यायचं. कमरेला हा पट्टा बांधायचा, आणि दोघांनी सोबत उठायचं."

मी करून पाहिलं. ते पलंगावरून अर्धे उठले आणि माझे हात थरथरायला लागले. तिने मागून धरलं म्हणून बरं.

"रीत बरोबर आहे," ती म्हणाली. "ताकद कमी पडून राहिली."

"आता या वयात कुठून आणू ताकद?"

"येते काकू. हळू येते, पण येते. भिंतीपासून सुरू करा. भिंतीला हात टेकायचे आणि पुशअप मारायचे. ते जमलं की ओट्यावर, मग खाली."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर खोचला आणि पलंगासमोरच्या भिंतीला हात टेकले. दुसऱ्या खोलीत करता आलं असतं, पण ह्यांना एकटं ठेवायची भीती वाटायची. छाती भिंतीजवळ न्यायची आणि मागे यायची. चारदोन झाले असतील, मागून विचित्र आवाज आला. वळून पाहिलं तर हे हसत होते. तोंडाची एकच बाजू वर गेली होती, पण हसतच होते. आजारपणानंतर पहिल्यांदा.

मला राग आला. "हसून काय राहिले? तुमच्यासाठीच करून राहिली ना मी!"

त्यांचं हसू थांबलं. मग त्यांनी डावा हात वर केला आणि स्पष्ट म्हणाले, "कंबर."

कित्येक आठवड्यांत मी त्यांच्या तोंडून ऐकलेला तो पहिला नीट शब्द. मी धावत गेले. "कंबर दुखते का?" त्यांनी वैतागून मान हलवली, माझ्या कमरेकडे बोट केलं. "कंबर. सरळ."

डॉक्टरांनी पुढे सांगितलं की असं होतं. नवे शब्द सापडत नाहीत, पण वर्षानुवर्षं तोंडात बसलेले कधीकधी शाबूत राहतात. माझं नाव त्यांना सापडत नव्हतं, मुलीचंही नाही. पण मैदानावरचे हुकूम सगळे जागच्या जागी होते. सावधान, विश्राम, छाती पुढे, नजर समोर, श्वास सोड. त्यातच आमचं बोलणं सुरू झालं. पुशअप हा शब्द त्यांना आवडत नसे. ते 'जोर' म्हणत. सकाळी माझा चहा झाला की ते पलंगावरून सांगायचे, "जोर." आणि मी कामाला लागायची.

भिंतीवरून मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर आले, ओट्यावरून दिवाणाच्या कडेवर. मुलीची जुनी ट्रॅकपँट घालायला लागले. हातात फरक जाणवायला लागला तशी मला हाव सुटली. सकाळी जोर, दुपारी मशीनवरून उठून जोर. एके दिवशी पाण्याने भरलेली बादली उचलली आणि पाठीत अशी उसण भरली की मला जमिनीवरून उठता येईना. हे पलंगावर, मी खाली फरशीवर, आणि दोघांनाही उठवणारं कोणी नाही. त्यांनी माझ्याकडे बघून डाव्या हाताने आपल्या डाव्या मांडीवर थाप मारली. "पाय." पुन्हा थाप. "पाय. पाय." मग पोटावर हात, मग पाठीकडे. ते चिडले होते. शाळेतल्या एखाद्या मुलाने सगळा भार दंडांवर टाकून नुकसान करून घेतलं असतं तर चिडले असते, तसेच.

फिजिओच्या मुलीनेही तेच सांगितलं. नुसत्या हातांनी माणूस उचलला जात नाही, पाय, पाठ आणि पोट सारखं तयार झालं पाहिजे. पाठ बरी झाल्यावर एक दिवस जोर, एक दिवस खुर्चीला धरून उठाबशा, मग पालथं झोपून पाठ उचलायची, असं ठरलं. रविवारी मी सवयीने दिवाणाशी गेले तर हे म्हणाले, "विश्राम." मी ऐकलं नाही असं दाखवलं. पुन्हा, मोठ्याने, "विश्राम!" खालच्या घरी ऐकू गेलं असेल. मी हसत खुर्चीवर बसले. जेवताना ते आपल्या ताटातलं उकडलेलं अंडं डाव्या हाताने माझ्याकडे सरकवायचे. मी परत ढकलायची. शेवटी अर्धं अर्धं व्हायचं.

उन्हाळा लागला. खोलीत कूलर सुरू झाला. त्याच्या घरघरीत एका सकाळी मी गुडघे न टेकवता, अख्खं अंग जमिनीला समांतर ठेवून खाली गेले आणि वर आले. एकच. दुसऱ्याला पडलेच. हे पलंगाच्या लोखंडी कडेवर हात आपटत होते. "शाबास," म्हणाले.

त्याच आठवड्यात मी त्यांना एकटीने उठवलं. पट्टा बांधला, गुडघे वाकवले, त्यांना छातीशी घेतलं. त्यांची हनुवटी माझ्या खांद्यावर. "सावधान," मी म्हटलं, आणि आम्ही उठलो. क्षणभर दोघंही तसेच उभे राहिलो, कारण पुढे काय करायचं हेच मी विसरले होते. एवढ्या वर्षांच्या संसारात भर उजेडात आम्ही एकमेकांना असं कधी धरलं नव्हतं. आमच्या पिढीत ती पद्धतच नव्हती. मग मी त्यांना वळवलं, खुर्चीत बसवलं आणि बाल्कनीत नेलं. ते रस्त्याकडे पाहत राहिले. मी पाण्याचा पेला दिला, तो त्यांनी संपवला आणि पुन्हा पुढे केला.

त्यानंतरचे महिने, सांगायला कसंसंच वाटतं, पण सुखाचे होते. मी रोज त्यांना उठवायची. उठवणं सोपं होत गेलं. पावसाळ्यात ते मला जड वाटेनासे झाले. दिवाळीच्या सुमारास तर मी त्यांना असं सहज उचलायची की मुलगी फोनवर बघून म्हणाली, "आई, तू पहिलवान झालीस." मी फुशारले. खालच्या वहिनींनाही दंड दाखवला.

थंडीत त्यांना खोकला झाला. अन्नाचा कण छातीत उतरला असं डॉक्टरांनी सांगितलं आणि भरती करून घेतलं. औषधाचं प्रमाण ठरवायला नर्सने वजन विचारलं. मी सांगितलं, आजारपणाच्या आधी होतं ते. तिने ह्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मावशी, एवढं नाही भरणार," ती हळू म्हणाली. त्यांना वजनाच्या खुर्चीत बसवलं. काटा जिथे थांबला तो आकडा मी इथे लिहीत नाही. मला तो बघवत नव्हता.

मी भिंतीला टेकून उभी राहिले. माझे हात बळकट झाले होते, खोटं नाही. पण ते निम्मंच खरं होतं. हे रोज थोडे थोडे संपत होते, आणि मला वाटत होतं मी वाढते आहे. त्यांच्या पायजम्याची नाडी सैल व्हायला लागली तेव्हा मीच मशीनवर बसून कंबर आत घेतली होती. एकदा नाही, दोनदा. दुसऱ्यांचे ब्लाउज सैल झाले की मी विचारायची, काहो, तब्येत बरी नाही का? घरच्या माणसाला मी विचारलं नाही.

आणि मग हेही लक्षात आलं की त्यांना माहीत असणार. शाळेत एखादं पोरगं चालत येताना बघूनच ते सांगायचे, याला घरी पुरेसं खायला मिळत नाही. त्यांना स्वतःच्या मांडीवर थाप मारताना मांडी उरली नाही हे कळलं नसेल? तरी मी उठवलं की ते प्रत्येक वेळी म्हणायचे, "शाबास."

वॉर्डातली माणसं त्यांना चादरीसकट इकडून तिकडे करायची. मी म्हटलं, "मी उचलते त्यांना, मला सवय आहे." नर्स म्हणाली, "नळ्या लागल्यात मावशी, तुम्ही बाजूला थांबा." मी थांबले. एका दुपारी मुलगी स्टेशनवरून यायच्या आधीच ते गेले.

घरी आल्यावर मी व्यायाम सोडला. कोणासाठी करायचा? भाड्याचा पलंग गेला, खोली रिकामी झाली. मुलगी म्हणाली, पुण्याला चल. मी म्हटलं, बघू. काही दिवसांनी ब्लाउजचा कपडा कापताना जाणवलं की दंड पुन्हा सैल पडतायत. तेव्हा मला धक्का बसला. ह्यांनी मला दिलेली ती एकच गोष्ट होती जी कपाटात ठेवता येत नव्हती. रोज कमावली तरच टिकणार होती. मी उठले आणि सकाळच्या जोरांना पुन्हा सुरुवात केली. पण खोली गप्प असायची आणि मी बऱ्याचदा मध्येच उठून बसायची.

उन्हाळ्याच्या तोंडाशी मृग बहाराची संत्री तोडायला आली तेव्हा काटोलच्या दिरांचा फोन आला. "वहिनी, या इकडे. चार दिवस राहा." मी गेले. बागेत तोड सुरू होती. बायका झाडाखाली बसून माल निवडत होत्या, आणि भरलेले क्रेट बांधावर उभ्या गाडीपर्यंत न्यायचे होते. मी गप्प बसू शकत नव्हते. एका भरल्या क्रेटजवळ गेले, गुडघे वाकवले, क्रेट छातीशी घेतला आणि उठले.

"बाई, काहून उचलता? माणसं आहेत ना!" धाकटी जाऊ ओरडली. मी क्रेट गाडीत ठेवला. तिने जवळ येऊन माझा दंड चाचपला. "बापा! किती घट्ट! काय करता जी तुमी?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि रडू फुटलं. दवाखान्यात नाही, तेराव्याला नाही, आज, एवढ्या लोकांसमोर. जावेने मला झाडाच्या बुंध्याशी नेऊन बसवलं. निवडणाऱ्या बायकांनी पाठी फिरवल्या आणि आपलं काम चालू ठेवलं. दीर विचारायला आले तर ती म्हणाली, "काही नाही, तुमी जा."

मी तिला सगळं सांगितलं. बाथरूम, पट्टा, जोर, आणि वजनाचा काटा.

"हलके झाले होते म्हणून काय झालं?" ती म्हणाली. "उचललं तर तुमीच ना त्याइले."

तिचं खरं असेल. पण मला ते त्या दिवशी पुरलं नाही आणि अजूनही पुरत नाही. मी पदराने तोंड पुसलं. गाडी अजून अर्धीच भरली होती आणि ऊन उतरत आलं होतं. आम्ही दोघी उठलो. मी पुढचा क्रेट उचलला, मग त्याच्या पुढचा, आणि या वेळी मला कोणी अडवलं नाही.