मधल्या पायरीवरचा राजा

आमच्या घरी नवरात्रात इकडच्या रीतीनं पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात, आणि त्यातले राजा-राणी मधल्या पायरीवर बसतात. बघायला आलेली बाई पहिल्यांदा तिथेच अडते. "अज्जी, राजा-राणी सगळ्यात वर हवेत ना?" हवेत, बाई. अख्ख्या बंगळुरात ते वरच बसतात. माझ्या नातसुनेनं तर एकदा सर्जापूर रोडच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये माझी पाठ वळलेली बघून दोघांना उचलून वर ठेवलं. मी हात धुऊन आले आणि परत खाली आणले. तिच्या चेहऱ्यावर 'म्हातारीचं काहीतरीच' असं स्वच्छ लिहिलेलं होतं. म्हणून म्हटलं, एकदा सगळं सांगून टाकावं.

आम्ही मूळचे बेळगावकडचे. हे सरकारी कचेरीत कारकून. राज्यांची नवी मांडणी झाली, आमचा मुलूख मुंबईकडून म्हैसूर राज्यात गेला, आणि ह्यांची बदली बंगळुरास झाली. यशवंतपूरला गाडीतून उतरलो तेव्हा बरोबर दोन पोरं, एक स्टोव्ह आणि लग्नातल्या ट्रंका. इथं भाडी आम्हाला झेपणारी नव्हती. पण आमच्यासारख्या बदलून आलेल्यांना सरकारनं सवलत दिली होती, घरभाड्याचा मोठा वाटा सरकार सोसणार. त्या जोरावर बसवनगुडीत एका ओळीतली सगळी घरं आमच्याच लोकांनी धरली. दोन खोल्या, मागं न्हाणी, पुढं कट्टा. मला तर तो राजवाडाच वाटला.

घरमालकीण ओळीच्या टोकाला राहायच्या. त्यांचं घराणं मराठी, पण तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. मराठी बोलायच्या खऱ्या, पण त्यात कन्नड इतकं की मला निम्मं मराठी कळायचं आणि निम्मं कन्नड, मिळून सगळं कळायचं. आम्ही सगळे त्यांना अक्का म्हणायचो.

सगळं सुरळीत चाललं असताना, नवरात्राच्या थोडं आधी, हुकूम निघाला. सवलत बंद. तिजोरीत काटकसर करायची होती म्हणे, आणि ती आमच्या कट्ट्यापासून सुरू झाली.

त्या दिवसापासून कट्ट्यावर पुरुषांच्या सभा भरायला लागल्या. एक म्हणायचा, "आपल्याला इथं आणलं कुणी? आम्ही आलो होतो का अर्ज करून?" दुसरा म्हणायचा, "आणताना जावई, आता पाहुणा." चहाचं आधण मात्र आमच्या चुलीवर. शेवटी ठरलं की सगळ्यांनी काळ्या फिती लावून कचेरीवर चालत जायचं. काळं कापड कुणाकडं नव्हतं. मग माझी मोडकी छत्री फाडून मी फिती कापल्या. हे निघाले तेव्हा मी म्हटलं, "अहो, पाऊस आला तर फितीनं डोकं झाका." हे हसले नाहीत. ह्यांना त्या दिवसांत हसू येत नव्हतं.

कारण ह्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. सवलत परत मिळाली नाही तर हे इथं चार जणांत एक खोली घेऊन राहणार, खाणावळीत जेवणार, आणि मी पोरं घेऊन गावी सासूबाईंकडे जायचं. दिवाळीआधीच. "वर्षातून दोनदा येईन की," असं म्हणाले. धाकटी तेव्हा नुकती चालायला लागली होती. वर्षातून दोनदा भेटणाऱ्या माणसाला ती 'काका' म्हणेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. तरी मी ट्रंका भरल्या. भांडी, गोधड्या, थंडीचे कपडे, सगळं आत गेलं.

अशात अक्का आल्या. "काय गे, या वर्षी बाहुल्या मांडणार न्हवं?"

"अक्का, आमच्यात घट बसवतात. बाहुल्या नसतात. आणि आता निघालोच की आम्ही."

"निघालीस तर निघालीस. नवरात्र बंगळुरात आहे तवर बाहुल्या मांडायच्या. तुझ्याकडं पायऱ्या तर तयारच आहेत," असं म्हणून त्यांनी ट्रंकांकडं बोट केलं.

इकडे लग्नात मुलीला माहेरहून लाकडी राजा-राणीची जोडी देतात. माझ्याकडं ती कुठून असणार? अक्कांनी आपल्या सासूबाईंची जोडी पदराखाली झाकून आणून दिली. बाकी बाहुल्या ओळीतल्या पोरांच्या: मातीचा वाणी, चाक नसलेली बैलगाडी, शेपूट तुटलेला मोर. अक्कांनी आणखी एक सांगितलं, की दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मोठ्या साहेबांच्या बायकोला कुंकवाला बोलवायचं. साहेब म्हणजे हुकूम ज्या खात्यातून निघाला त्याच खात्यातले. मी म्हटलं, ओळख ना पाळख, त्या कशाला येतील? "कुंकवाला बोलावल्यावर कोण नको म्हणत नाही. सरी, कळलं? पण घराचा विषय तोंडातून काढायचा नाही. घरी आलेल्या सवाष्णीकडं मागायचं नसतं."

मी ट्रंकांच्या पायऱ्या रचल्या. आता आमचा घट कुठं ठेवायचा? खाली ठेवला तर धाकटी त्यातले अंकुर उपटून खाणार. म्हणून घट ठेवला सगळ्यात वरच्या ट्रंकेवर. शेवटी देवी ती, राजापेक्षा वरच हवी, असं मला आपलं वाटलं. घटामुळं वर जागा उरली नाही. मधल्या ट्रंकेवर वाणी, गाडी आणि मोर. मग राजा-राणी बसले सगळ्यात खाली, दाराजवळ, बांधून ठेवलेल्या वळकटीला टेकून. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. अक्का दोन दिवस देवळातच होत्या, त्यांनीही पाहिलं नव्हतं.

साहेबांच्या बायको खरंच आल्या. रेशमी साडी, नाकात हिऱ्याची चमकी, आणि बोलणं इतकं मऊ की माझं बेळगावचं कन्नड मलाच दगडासारखं वाटायला लागलं. अक्का आणि ओळीतल्या बायका भिंतीला लागून बसलेल्या. बाईंनी घटाला नमस्कार केला. मग त्यांची नजर खाली खाली येत राजावर थांबली. अक्कांचीही तेव्हाच तिथं गेली, आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"राजा-राणी खाली का हो बसलेत?" बाईंनी विचारलं. रागानं नाही, नवलानं.

घटाचं सांगावं तर कन्नड आठवेना, आणि दुसरं काही सांगायला तर बंदीच. एवढ्यात बंदी घालणाऱ्या अक्काच शांतपणे म्हणाल्या, "त्याचं घरभाडं सरकारनं बंद केलंय, अम्मा. वळकटी बांधून गाडीची वाट बघत बसलाय."

बाईंनी वाकून ट्रंकेवर टकटक केलं. भरलेल्या ट्रंकेचा आवाज वेगळाच येतो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ह्या खरंच भरलेल्या आहेत?" मी मान हलवली. "कुठं जाणार?" मी म्हटलं, "मी आणि मुलं गावी. हे इथं." राणीकडं बघून त्यांना असं हसू आलं की पदर तोंडाला लावावा लागला. "हिला तरी विचारलं का त्यानं?" म्हणाल्या. मग भिंतीलगतच्या सगळ्या बायका हसल्या, आणि मला हसता हसता रडू आलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या दारात रांग. साहेबांच्या बायकोनं कुणाकुणाला सांगितलं कोण जाणे, बसवनगुडीतल्या बायका 'घर गेलेला राजा' बघायला यायला लागल्या. वाटायला केलेली हरभऱ्याची उसळ पुरेना. मी एकदा राजाला वर नेऊ बघत होते, तर अक्काच म्हणाल्या, "राहू दे गे. इतक्या लांबून बघायला येतात."

दसरा झाला आणि काही दिवसांनी नवा हुकूम आला. सवलत चालू, पण निम्मी. हे धावत घरी आले. ह्यांचं म्हणणं शेवटपर्यंत हेच, की ते काळ्या फितींमुळं झालं. मी म्हणायची, फिती कुणाच्या छत्रीच्या? तो वाद आम्हाला जन्मभर पुरला, एकाच घरात राहून.

निम्म्या सवलतीत ओढाताण झाली, पण ट्रंका रिकाम्या केल्या. पुढच्या नवरात्रात मी राजा-राणीला वर ठेवायला गेले तेव्हा अक्कांनी हात धरला. "निम्मंच आलंय न्हवं परत? मग निम्म्यावर बसव."

जोडी त्यांनी पुढं मलाच देऊन टाकली. नातसुनेला म्हटलं, उरलेलं निम्मं आलं की तू स्वतः वर बसव त्यांना. ती फोनवर ती जुनी सवलत शोधायला लागली. शोधू दे.