बिनतेलाची कणीक

गावडे काकांनी आमची बेल पहिल्यांदा वाजवली ती मूठभर कणकेसाठी. विरजण मागणारे शेजारी कामोठ्यात पुष्कळ भेटतात, मळलेली कणीक मागणारा हा पहिलाच. बायकोची सकाळची ड्यूटी, त्यामुळे आमच्या घरी पोळ्यांचं खातं माझ्याकडे. मी ऐटीत गोळा दिला. पाच मिनिटांत काका परत हजर.

"तेल घातलंत काय ओ? तुमची चपाती मऊ होईल, पण माझा पखवाज बोलायचा नाय. तेलाची कणीक पकडत नाय."

मला कुठलं राहवतंय! बिनतेलाची कणीक मळून मी त्यांच्या मागोमाग गेलो. पखवाजाच्या डाव्या तोंडावर ते ओली कणीक थापत, थाप मारून बघत, पुन्हा थोडी थापत. कणीक वाढेल तसा आवाज खाली उतरत गेला आणि शेवटी कानापेक्षा छातीलाच जास्त लागायला लागला. काका म्हणाले, "ह्यो आवाज कानाने नाय घ्यायचा, पोटात घ्यायचा."

मला वाटलं, कलावंताचा नखरा. खरं कारण पुढे कळलं. महाप्याच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर जन्म गेला, तिथेच बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी त्यांना ऐकू येत नसे; खाली पाण्याचा पंप सुरू झाला की मात्र तिसऱ्या मजल्यावर बसून कळे. डावी बाजू पोटाला समजायची. उजवी हातोडीने ठोकून पेटीच्या सुरात लावायची असते, ती मात्र त्यांना ऐकूच येत नव्हती.

"भजनमंडळात बोलू नका हां. कळलं तर पखवाज काढून हातात टाळ देतील."

लहानपणी मी गाणं शिकलो होतो. त्यामुळे उजव्या बाजूचा कान म्हणून माझी नेमणूक झाली.

गणपतीतल्या भजनाला सगळी सोसायटी जमली होती. काकांनी घाम पुसत विचारलं, "लागला?" सूर थोडा उतरलेला होता. पण लोक खोळंबलेले. मला भीड पडली. "मस्त लागलाय," मी म्हणालो.

दुसऱ्याच अभंगात बुवांनी हात वर केला. "काका, थांबा. उजवी उतरलीय." पेटी थांबली, टाळ थांबले. काका डोळे मिटून एकटेच वाजवत राहिले. सगळ्यांना कळायचं ते कळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

जिन्यात ते एवढंच म्हणाले, "गोड बोललात. तेल घातलंत तुमी."

पुढच्या बैठकीत काकांनी स्वतःच सांगून टाकलं. "मला बारीक ऐकायला येत नाय. उजवी हे सांगतील, डावी मी बघतो." बुवांनी क्षणभर विचार केला आणि पखवाज त्यांच्यापुढे सरकवला. तशी डावी बाजू दुसऱ्या कोणाची नव्हतीच. त्यानंतर मी सगळ्यांदेखत नकारार्थी मान हलवायचो आणि काका खुशाल हातोडी उचलायचे.

यंदा होळीनंतर काका गेले. परवा मंडळात नवीन पखवाजवाला आला. भला माणूस. मी नेलेली बिनतेलाची कणीक त्याने थापली, उजवी ठोकली आणि हसून विचारलं, "लागला ना?"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

"नाही," मी म्हणालो. "अजून उतरलाय."